विश्लेषण : कुत्र्या-मांजरांच्या लेझर थेरपीचे मूळ कुठे? प्रकाशोपचाराचा पाया घालणारे नील्स फिन्सन कोण होते?

मुंबई महानगर परिसरातील पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत लेझर थेरपी हे शब्द आता नवे राहिलेले नाहीत. वसई-विरारमधील लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिने चढताना अडखळणारा म्हातारा लॅब्राडोर असो किंवा शस्त्रक्रियेनंतर टाके चाटून जखम चिघळवणारी मांजर असो, गोळ्या-इंजेक्शनांच्या जोडीला हा पर्याय सुचवला जाऊ शकतो. औषध पोटात न घालता केवळ प्रकाशाने दुखणे कमी होते आणि जखम भरते, हे ऐकून अनेकांना ती जादू वाटते, तर काहींना निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा. या उपचाराचा इतिहास मागे नेला तर तो लेझरच्या शोधाच्याही ६०-६५ वर्षे आधीच्या कोपनहेगनमध्ये पोहोचतो. तिथे स्वतः कायम आजारी असलेल्या एका तरुण डॉक्टरने प्रकाशाला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून दिली. त्यांचे नाव नील्स रायबर्ग फिन्सन. त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

फिन्सन यांचे बालपण कसे गेले?

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर, तोर्सहाव्हन या गावी १५ डिसेंबर १८६० रोजी फिन्सन यांचा जन्म झाला. ही बेटे डेन्मार्कच्या अखत्यारीत होती. वडील हानेस फिन्सन हे मूळ आइसलँडच्या घराण्यातले आणि बेटांच्या प्रशासनातील वरिष्ठ अधिकारी. नील्स चार वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी नात्यातच दुसरा विवाह केला.

फेरो बेटांवर हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो आणि उरलेल्या वर्षातही ढग आणि पाऊस पाठ सोडत नाहीत. कोकणातल्या माणसाला उन्हाचे अप्रूप नसते. तिथे मात्र ऊन पडले की लोक हातातली कामे टाकून बाहेर येतात. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला पुढे सूर्यप्रकाशाचे वेड लागावे, यात नवल नाही.

शिक्षणात मात्र चमक दिसली नाही. डेन्मार्कमधील हर्लुफ्सहोम या निवासी शाळेत त्यांना पाठवण्यात आले. मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण त्याची कुवत बेताची आहे, असा तिथल्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय होता. मग त्यांना आइसलँडमध्ये रेक्याविकच्या शाळेत घालण्यात आले. तिथून ते १८८२ मध्ये उत्तीर्ण झाले तेव्हा वय २१ होते आणि क्रमांक खालून मोजावा असा होता. त्याच वर्षी ते वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आले.

आजारपणाने आयुष्याला वळण कसे दिले?

वैद्यकीय शिक्षण सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच फिन्सन यांची प्रकृती ढासळू लागली. यकृत, प्लीहा आणि हृदयाभोवतीची आवरणे हळूहळू जाड होत जाण्याचा हा विकार होता. त्यामुळे पोटात पाणी साठे, चालताना धाप लागे, सतत थकवा जाणवे. पुढे हे पाणी सुई घालून वारंवार काढावे लागले. त्या काळात या आजारावर औषध नव्हते आणि आपण दीर्घायुषी होणार नाही हे डॉक्टर झालेल्या फिन्सन यांना पुरते ठाऊक होते.

त्यांची राहण्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली होती. तिथे ऊन येत नसे. उन्हात बसले की बरे वाटते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. मात्र वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे स्पष्टीकरण सापडत नव्हते. ऊन अंगाला उष्णता देते म्हणून बरे वाटते की प्रकाशाचाच शरीरावर काही वेगळा परिणाम होतो, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. पदवी घेतल्यानंतर त्यांना विद्यापीठातच शरीररचनाशास्त्र विभागात शवविच्छेदन शिकवण्याची नोकरी मिळाली. डिसेंबर १८९२ मध्ये इंगेबोर्ग बाल्स्लेव्ह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आणि १८९३ मध्ये, प्रकृती तोळामासा आणि संसार नवा असताना, केवळ प्रकाशाच्या अभ्यासासाठी त्यांनी ही नोकरी सोडली.

मांजर, गांडूळ आणि शाईच्या पट्ट्याचा काय संबंध?

फिन्सन यांच्या संशोधनाची सुरुवात प्राण्यांच्या निरीक्षणातून झाली. खिडकीतून दिसणारी एक मांजर उन्हाच्या तुकड्यात पसरलेली असे. सावली तिच्यापर्यंत आली की ती उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. सावली सरकली की तीही सरके. पाण्यावर चालणारे किडे प्रवाहाबरोबर पुलाच्या सावलीत वाहत आले की उलट उडी घेऊन उन्हात परतताना त्यांनी पाहिले. प्राण्यांना प्रकाशाची गरज उपजतच कळते, असे त्यांना वाटू लागले.

असे निरीक्षण कोणीही करू शकते. फिन्सन यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी तुलना करायला सुरुवात केली. पेटीच्या झाकणाचा एक भाग लाल काचेचा आणि दुसरा निळ्या काचेचा करून त्यांनी आत गांडुळे सोडली. गांडुळे निळ्या प्रकाशापासून दूर, लाल भागात जाऊन जमली. म्हणजे सगळा प्रकाश सारखा नाही. निळ्या, जांभळ्या आणि त्यापलीकडच्या अतिनील किरणांचा सजीवांवर परिणाम जोरकस होतो, असे त्यांनी मांडले.

नंतर त्यांनी स्वतःच्या हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि तो हात काही तास कडक उन्हात धरला. शाई धुतल्यावर पट्ट्याखालची कातडी पूर्वीसारखीच गोरी राहिली. आजूबाजूची लाल होऊन सुजली आणि नंतर रापली. पुढच्या खेपेला शाई न लावता तोच हात उन्हात धरला, तर आता आधीचा गोरा पट्टाच भाजला आणि रापलेला भाग बचावला. ऊन भाजते ते केवळ उष्णतेने नव्हे, हे यातून दिसले. त्वचेचा काळेपणा ही शरीराने प्रकाशाविरुद्ध उभारलेली ढाल आहे, हेही स्पष्ट झाले. एकाच हातावर उपचार केलेला आणि न केलेला भाग शेजारी-शेजारी ठेवण्याची ही पद्धत साधी होती, पण त्या काळच्या अनेक उपचारांना हीच कसोटी लावलेली नव्हती.

लाल खोलीचा प्रयोग काय होता?

फिन्सन यांचा पहिला गाजलेला वैद्यकीय प्रस्ताव प्रकाश देण्याचा नव्हता, तर तो अडवण्याचा होता. निळे-जांभळे किरण त्वचेचा दाह वाढवत असतील, तर देवीच्या रुग्णाला त्यांच्यापासून दूर ठेवावे, म्हणजे फोडांत पू कमी होईल आणि चेहऱ्यावर व्रण उरणार नाहीत, असे त्यांनी १८९३ मध्ये सुचवले. त्यासाठी रुग्णाच्या खोलीला लाल काचा किंवा जाड लाल पडदे लावायचे. नॉर्वेतील बर्गन शहरात देवीची साथ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हा प्रयोग केला आणि चांगले निष्कर्ष कळवले. फिन्सन यांचे नाव युरोपभर झाले.

मात्र पुढे काळजीपूर्वक तपासणीत लाल खोलीचा दावा टिकला नाही आणि ही पद्धत मागे पडली. फिन्सन यांच्या चरित्रातील हा भाग अनेकदा वगळला जातो. तो महत्त्वाचा आहे, कारण प्रकाशोपचाराच्या इतिहासात खरे ठरलेले आणि खोटे ठरलेले दावे सुरुवातीपासूनच हातात हात घालून आले आहेत.

नोबेल मिळवून देणारा शोध कोणता?

ल्युपस व्हल्गारिस हा त्वचेचा क्षयरोग. तो बहुधा चेहऱ्यावर, नाका-गालावर होई आणि वर्षानुवर्षे मांस कुरतडत राही. जीव लगेच जात नसे, पण चेहरा विद्रूप होई. रुग्ण घराबाहेर पडेनासे होत, त्यांना नोकरी मिळत नसे, लोक टाळत. तापलेल्या सळीने किंवा जहाल रसायनाने जाळणे, खरवडून काढणे हेच उपाय होते. जंतूंवर प्रकाशाचा मारक परिणाम होतो, हे इतर संशोधकांनी दाखवले होते. मग तोच प्रकाश एकवटून त्वचेतल्या क्षयजंतूंवर टाकला तर, असा विचार फिन्सन यांनी केला.

नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कंपनीच्या जागेत त्यांनी पहिला रुग्ण घेतला. अभियंता असलेले हे गृहस्थ, नील्स मोगेन्सेन, अनेक वर्षे ल्युपसने त्रस्त होते आणि सगळे उपाय करून थकले होते. विजेच्या प्रखर कार्बन दिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून रोज त्यांच्या चेहऱ्यावर टाकण्यात आला. काही महिन्यांत जखमा भरू लागल्या.

उपकरणात फिन्सन सतत सुधारणा करत राहिले. साधी काच अतिनील किरण अडवते म्हणून त्यांनी स्फटिकाची भिंगे वापरली. उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून प्रकाश थंड पाण्यातून नेला. रक्त प्रकाश शोषून घेते आणि तो खोलवर जाऊ देत नाही, हे लक्षात आल्यावर भिंग त्वचेवर दाबून धरून तिथले रक्त बाजूला सारण्याची युक्ती केली. एका वेळी नाण्याएवढ्या जागेवर तास-सव्वा तास प्रकाश द्यायचा, असे महिनोन्‌महिने. एका दिव्याभोवती चार रुग्ण आडवे झोपलेले आणि प्रत्येकाजवळ गडद चष्मा लावून भिंग धरून बसलेली परिचारिका, असे त्या खोलीचे दृश्य असे.

ऑगस्ट १८९६ मध्ये काही उद्योजक आणि शहराच्या मदतीने फिन्सन संस्था सुरू झाली. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. संसर्गजन्य रोगापुढे वैद्यकशास्त्र किती हतबल होते, याची त्यावरून कल्पना यावी. संस्थेत १९०१ पर्यंत ल्युपसच्या ८०४ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांपैकी ८३ टक्के बरे झाल्याची नोंद आहे. प्रत्येक रुग्णाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवली जात, रोग उलटतो का याचा पाठपुरावा होई. डॅनिश राजकन्या असलेल्या आणि पुढे इंग्लंडच्या राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलला हा दिवा मिळवून दिला. युरोप-अमेरिकेतील शहरांत अशी केंद्रे उघडली.

अखेरची वर्षे कशी होती?

१९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल फिन्सन यांना जाहीर झाले. त्या वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल बेकरेल आणि क्युरी दाम्पत्याला होते. दोन्ही पारितोषिके एका अर्थी किरणांचीच होती. पारितोषिक स्वीकारायला स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकद फिन्सन यांच्यात उरली नव्हती. ते चाकांच्या खुर्चीत होते. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला.

ज्या प्रकाशाने शेकडो चेहरे वाचवले त्याचा त्यांच्या स्वतःच्या आजारावर उपयोग नव्हता. तसा दावाही त्यांनी केला नाही. उलट अखेरच्या काळात आहारातील मीठ आणि पाणी मोजून-मापून घेत, स्वतःचे शरीर मीठ कसे साठवते याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १९०४ मध्ये त्यावरही निबंध प्रसिद्ध केला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले.

फिन्सन यांचे स्पष्टीकरण चुकले होते का?

अतिनील किरणांनी क्षयजंतू मरतात आणि त्याला सूज येण्याची क्रिया मदत करते, असे फिन्सन यांचे मत होते. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी त्यांची मूळ उपकरणे तपासली तेव्हा वेगळेच निघाले. त्या भिंगांच्या रचनेतून अतिनील किरणांचा सर्वात तीव्र भाग बाहेरच पडत नव्हता. जंतूंमधील पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यांवर उरलेला प्रकाश पडून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंना मारत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उपचार खरा होता, कारण वेगळे होते. स्ट्रेप्टोमायसिन आणि इतर क्षयरोधक औषधे आल्यावर ल्युपससाठी या दिव्यांची गरज उरली नाही. तोवर सूर्यप्रकाशाच्या उपचारगृहांची लाट भारतातही आली होती. गुजरातेत जामनगर येथे १९३० च्या दशकात उभारलेले फिरते सोलारियम हे त्याचेच उदाहरण.

दिव्यापासून लेझरपर्यंत प्रवास कसा झाला?

१९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला माणिक लेझर चालवून दाखवला. एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा प्रकाश हाती आला. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. शस्त्रक्रियेत पेशी कापण्यासाठी तो आजही वापरतात, प्राण्यांच्या शस्त्रक्रियेतही.

दुखणे कमी करणारा लेझर मात्र वेगळा आहे. त्याची सुरुवात बुडापेस्टमधील शल्यचिकित्सक एन्ड्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या प्रयोगातून झाली. लेझरने कर्करोगाची गाठ नष्ट होते किंवा कर्करोग होतो का, हे ते उंदरांवर तपासत होते. त्यांचा लेझर कमी ताकदीचा होता. त्यामुळे ना गाठी गेल्या ना कर्करोग झाला, पण भादरलेले केस लेझर दिलेल्या उंदरांत लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरल्या. म्हणजे आज जो उपचार कुत्र्या-मांजरांना दिला जातो, तो मुळात प्राण्यांवरच दिसून आला होता.

प्राण्यांमध्ये लेझर थेरपी काम कशी करते?

फिन्सन यांनी निळा आणि अतिनील प्रकाश वापरला. आजचे उपचारी लेझर लाल आणि अवरक्त किरणांचे असतात, कारण ते ऊतींमध्ये जास्त खोल जातात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातील एक विकर हा प्रकाश शोषते, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, रक्तप्रवाह सुधारतो आणि सूज उतरायला मदत होते, असे आजचे प्रमुख स्पष्टीकरण आहे. प्राण्याला सौम्य ऊब जाणवते, भूल लागत नाही. मात्र मात्रेचे गणित नाजूक आहे. कमी पडली तर परिणाम नाही आणि जास्त झाली तर फायदा उलट घटतो. केस आणि काळी त्वचा प्रकाश शोषतात, त्यामुळे काळ्या, दाट केसांच्या कुत्र्याला जास्त ताकदीच्या यंत्राने चटकाही बसू शकतो. फिन्सन यांच्या हातावरील रापलेल्या कातडीने दाखवलेले तत्त्व इथेही लागू पडते.

पुरावे काय सांगतात?

पुरावे आश्वासक आहेत, पण एकमुखी नाहीत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेझर दिलेले कुत्रे लवकर चालू लागले, असे ३६ कुत्र्यांवरील अभ्यासात २०१२ मध्ये दिसले. २०१७ मध्ये ३२ कुत्र्यांवरील तशाच अभ्यासात मात्र फरक आढळला नाही. सांधेदुखीवरील काही छोट्या चाचण्यांत लंगडणे आणि गोळ्यांची गरज कमी झाल्याचे दिसते. यंत्रे, मात्रा आणि वेळापत्रक प्रत्येक अभ्यासात वेगळे असल्याने तुलना अवघड होते. त्यामुळे लेझरला औषधाचा पर्याय न मानता जोड मानणे सध्या योग्य ठरते.

वसई-विरारच्या पशुपालकांनी काय लक्षात घ्यावे?

पहिली गोष्ट निदानाची. कुत्रा लंगडतो म्हणजे संधिवातच, असे नाही. हाडाचा कर्करोगही तसाच दिसतो. आपल्या दमट हवेत गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि गोचीड तापातही सांधे दुखतात. तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा रक्तचाचणी झाल्याशिवाय लेझर सुरू करू नये. कर्करोगाची गाठ, डोळे आणि गाभण मादीचे पोट यांवर तो देत नाहीत. उपचाराच्या वेळी माणसांनी आणि शक्यतो प्राण्यानेही संरक्षक चष्मा लावायला हवा. यंत्र चालवण्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाची देखरेख हवी. खेळण्यातला लेझर किंवा ऑनलाइन मिळणारे स्वस्त लाल दिवे घरी वापरणे म्हणजे डोळ्यांना धोका आणि दुखण्याकडे दुर्लक्ष.

दुसरी गोष्ट घरातली. गुळगुळीत फरशीवर घसरण्याने म्हाताऱ्या कुत्र्याच्या खुब्यांवर ताण येतो, म्हणून त्याच्या वाटेवर चटई घालावी. वजन आटोक्यात ठेवावे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर झोपू देऊ नये. दुखते म्हणून माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर दगावू शकते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

तिसरी गोष्ट नोंद ठेवण्याची. प्राणी बरे वाटले की नाही हे सांगू शकत नाही आणि पैसे मोजलेल्या मालकाला सुधारणा दिसावी असे वाटतच असते. उपचारापूर्वी त्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडीओ घ्यावा. किती पायऱ्या न थांबता चढतो, उठायला किती वेळ लागतो, हे लिहून ठेवावे. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन वेळा लेझर दिल्यावर तीन-चार आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. फरक नसेल तर उपचार पुढे रेटण्याआधी डॉक्टरांशी नव्याने बोलावे. शंभर वर्षांपूर्वी फिन्सन यांच्या संस्थेत प्रत्येक रुग्णाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे याच कारणासाठी ठेवली जात होती.